जेनेरिक म्हणजे डुप्लिकेट का? मेडिकलच्या काउंटरमागून एक लांबलचक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६८ वर्षांचे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइड, औषधांचं महिन्याचं बिल साडेतीन हजाराच्या आसपास. धाकटा भाऊ म्हणतो जनऔषधीतनं, म्हणजे सरकारी योजनेतल्या स्वस्त औषधांच्या दुकानातनं आणू, निम्म्याहून कमी लागतील. काका म्हणतात ज्या माणसानं राबून तुम्हाला शिकवलं त्याला आता स्वस्तातला माल खायला घालणार का. आणि डॉक्टर म्हणाले घ्यायचं तर घ्या, मग माझी जबाबदारी नाही. तर खरं कोणाचं?

मी डी. फार्म करून १९९८ पासून मिरजेत मेडिकल चालवतो. मिरज म्हणजे हॉस्पिटलांचं गाव, सांगली-कोल्हापूर तर येतंच पण अथणी, चिकोडीकडनंही पेशंट येतात, त्यामुळे हा वाद मी मराठीत, कानडीत आणि अर्ध्यामुर्ध्या हिंदीत रोज ऐकतो. माझं उत्तर असं की तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण तिघंही "जेनेरिक" हा एकच शब्द वापरून तीन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत.

आधी काकांचं घेऊ. जेनेरिक म्हणजे मूळ शोधणाऱ्या कंपनीऐवजी दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं तेच औषध. काका ज्याला ओरिजिनल म्हणतायत ना, ते पण जेनेरिकच आहे. वडिलांची बीपीची टेल्मिसार्टन घ्या, हे औषध मूळ शोधलं एका जर्मन कंपनीनं. वडील जी खातात ती भारतीय कंपनीनं त्याच औषधाची बनवलेली गोळी, वर स्वतःचं नाव टाकलेली. मेटफॉर्मिनचंही तेच, ते पहिल्यांदा विकायला आलं फ्रान्समधे आणि त्याचं पेटंट संपून कित्येक वर्षं झाली. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधावर पेटंट द्यायचं बंद केलं, फक्त बनवायच्या पद्धतीवर मिळायचं, म्हणून आपल्या कंपन्यांनी दुसरी पद्धत शोधून तेच औषध बनवायला सुरवात केली आणि २००५ पर्यंत हे चाललं. त्यातनंच आपला औषधधंदा उभा राहिला, आणि त्यातनंच मुंबईच्या सिप्लानं २००१ मधे एचआयव्हीची तीन औषधांची गोळी दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी भावात आफ्रिकेला देऊ केली जेव्हा परदेशी कंपन्यांचा तोच इलाज वर्षाला दहा हजार डॉलरच्या घरात होता. म्हणजे जगाला जेनेरिक खायला घालणारा देश आपण, आणि आपल्याच घरात जेनेरिक म्हटलं की नाक मुरडायचं.

अगदी ताजं उदाहरण देतो. शुगरची एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी आहे, मार्च २०२५ पर्यंत साधारण ६० रुपयाला एक. ११ मार्चला पेटंट संपलं आणि त्या आठवड्यात माझ्याकडे एमआरची, म्हणजे औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींची रांग लागली, प्रत्येकाच्या हातात नवीन नाव, एक गोळी सहा रुपयापासनं पंधरा रुपयापर्यंत. ती सगळी नावं गोंडस, पॅकिंग चकचकीत, आणि सगळी जेनेरिक. पण एकाही गिऱ्हाइकानं मला विचारलं नाही की हे जेनेरिक आहे का हो. कारण डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं होतं. तेव्हा लोकांची भीती जेनेरिकची नसते, बिननावाची असते. हे एकदा लक्षात आलं की बाकीचा गुंता सोडवायला सोपा जातो.

आता भावाचं. तो म्हणतो जेनेरिक म्हणजे स्वस्त. तसंही नाहीये, आणि इथे मला आमच्याच धंद्याचं थोडं उघडं करावं लागेल. आमच्या बाजारात दोन शब्द आहेत, एथिकल आणि जेनेरिक. एथिकल म्हणजे ज्याच्यासाठी एमआर डॉक्टरांकडे फिरतो तो माल. जेनेरिक म्हणजे ज्याच्यासाठी एमआर फिरत नाही, जो थेट स्टॉकिस्टकडनं, म्हणजे ठोक विक्रेत्याकडनं आमच्याकडे येतो. कित्येक वेळा दोन्ही एकाच नावाजलेल्या कंपनीचं असतं, डिव्हिजन वेगळी. एथिकल मालात आम्हाला सुटतात शंभरातले सोळा ते वीस रुपये. या दुसऱ्या मालात मात्र छापील किंमत कंपनी मुद्दाम चढी ठेवते आणि दुकानदाराला देते मातीमोल. माझ्या सुरवातीच्या वर्षांत एक अँटिबायोटिकची स्ट्रिप होती, छापील ९५, मला पडायची १४. आणि मी ती ९५ लाच विकायचो. हो, विकायचो. कायद्यानं त्यात काही चूक नव्हती कारण छापीलपेक्षा जास्त घेत नव्हतो, आजूबाजूचे सगळे तेच करत होते, लग्न नुकतं झालं होतं, दुकानाचं कर्ज होतं, कारणं काय हवी तितकी. एकदा एका बाईंनी ९५ चे ९० द्या म्हणून पाच रुपयांसाठी गळ घातली आणि मी उपकार केल्यासारखे सोडले, ते मला अजून टोचतं. नंतर मी अशा मालावर खरेदीच्या दुप्पटच लावायचं ठरवलं, पण ते माझ्यापुरतं, त्याला नियम नाही.

म्हणून "जेनेरिक मेडिकल, ७० टक्के सूट" अशी पाटी दिसली की खूश व्हायच्या आधी विचार करा, सूट कशावर आहे? जी छापील किंमतच मुळात फुगवलेली आहे त्याच्यावर. ७० टक्के सोडूनही दुकानदाराला एथिकलपेक्षा जास्त सुटत असतील. औषध वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, टक्क्यांनी काहीच कळत नाही इतकंच म्हणतोय. एका गोळीला किती रुपये पडले ते बघा आणि तेच जनऔषधी केंद्राच्या भावाशी ताडून बघा. जनऔषधीचं वेगळं आहे, तिथे छापील किंमतच कमी असते, केंद्रवाल्याला ठरलेलं कमिशन आणि गोळीवर कंपनीच्या नावाचा झगमगाट नाही. २००८ मधे अमृतसरला पहिलं दुकान निघालं, कित्येक वर्षं योजना रखडतच चालली, २०१६ नंतर जोर आला आणि २०२५ च्या सुरवातीला देशभरात १५ हजार केंद्रं झाली. माझ्या दुकानापासनं चालत जाता येईल इतक्यावर एक आहे, माझी काही गिऱ्हाइकं तिकडे गेली, काही मीच पाठवली.

कुठली औषधं तिकडे घ्यावीत यातही फरक आहे. सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत जी औषधं आहेत त्यांना किमतीची कमाल मर्यादा असते. साधी पॅरासिटामॉल घ्या, कुठल्याही नावाची घेतली तरी मर्यादेच्या वर जाता येत नाही, तिथे ब्रँड बदलून तुमचे महिन्याला दहा-वीस रुपये वाचतील. खरा पैसा खातात त्या कॉम्बिनेशनच्या गोळ्या, एकाच गोळीत बीपीची दोन-तीन औषधं, किंवा शुगरची तीन, या बहुतेक त्या यादीबाहेर असतात. तुमचं साडेतीन हजाराचं बिल मी न बघता सांगतो की त्यातले दोन हजार अशा दोन-तीन गोळ्यांचे असणार.

आता लोकांच्या मनाचं बोलू, कारण काकांचं वाक्य मला फार ओळखीचं आहे. माझ्याकडे एक रिक्षावाला यायचा, आईसाठी औषध न्यायला. स्वतःला ताप आला की म्हणायचा "दोन रुपयाची कसलीतरी गोळी द्या." आईच्या औषधाला मात्र एक पैसा कमी केलेला चालायचा नाही. मी तीनदा सांगितलं की हेच दुसरं घे, महिन्याला चारशे वाचतील. तो म्हणाला, "काका, वाचवायचे असते तर मीच दोन चहा कमी प्यायलो असतो, आईला कमीचं नको." त्याच्यापुढे मी काय बोलणार? आपल्याकडे आजारी माणसाला महागाचं देणं ही सेवेची एक रीत आहे, आणि उलट बाजूनं सांगायचं तर पुढेमागे काही झालं तर पाहुण्यांनी "औषध तरी धड आणायचं होतं" असं म्हणू नये ही पण भीती आहे. गंमत बघा, चार बंगले आणि गाडी असलेला रिटायर साहेब बिनधास्त जेनेरिक मागतो, इंटरनेटवर वाचून येतो, आणि ज्याला चारशे रुपयांचा खरंच फरक पडतो तो ब्रँडला चिकटून बसतो. का, तर साहेबाला खात्री आहे की काही बिघडलं तर तो चांगल्या डॉक्टरकडे जाऊ शकतो, आणि रिक्षावाल्याला एकदाच गुण यायला हवाय, दुसरी फेरी त्याला परवडत नाही. गरीब माणूस अडाणी म्हणून महाग घेतो असं समजू नका, त्याच्याकडे औषध चांगलं की वाईट हे ओळखायची दुसरी खूणच नसते, किंमत हीच खूण.

आणि किमतीचा गुण येतोही, हे चेष्टेत म्हणत नाहीये. २००८ मधे अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता, ८२ लोकांना हाताला बारीक विजेचे झटके दिले आणि वेदनेची नवी गोळी म्हणून गोळी दिली. अर्ध्यांना सांगितलं एक गोळी अडीच डॉलरची, अर्ध्यांना सांगितलं दहा सेंटवर आणलीय. दोन्हीकडे गोळीत औषध नव्हतंच. महागवाल्यांपैकी ८५ टक्के म्हणाले दुखणं कमी झालं, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्के. त्यामुळे कोणी सांगितलं की "त्या जेनेरिकनं डोकं थांबत नाही हो" तर तो माणूस खोटं बोलत नसतो. फक्त हे दुखणं, झोप, ॲसिडिटी असल्या गोष्टींत होतं. बीपीच्या मशीनला आणि शुगरच्या रिपोर्टला गोळीची किंमत वाचता येत नाही, म्हणून तुमच्या वडिलांच्या बाबतीत वाद घालायची गरजच नाही, मोजून बघता येतं.

एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक आजोबा रागारागानं आले, पिशवीत काहीतरी गुंडाळलेलं, म्हणाले तुमची जेनेरिक गोळी विरघळतच नाही, सकाळी जशीच्या तशी बाहेर पडली. मेटफॉर्मिनची एसआर गोळी होती. त्या गोळीची रचनाच अशी असते की औषध हळूहळू पाझरून जातं आणि मागे मऊ टरफल राहतं ते शौचातनं पडतं, नामांकित ब्रँडचंही पडतं. पण ब्रँड खात होते तेव्हा आजोबांनी कधी बघितलं नव्हतं, जेनेरिक सुरू झाल्यावर संशयानं बघायला लागले. (पिशवी मी उघडली नाही, शब्दावर विश्वास ठेवला.)

मग डॉक्टर उगाच घाबरवतात का? नाही, आणि इथे मी डॉक्टरांची बाजू घेणार, भले माझ्या भावबंदांना राग येवो. डॉक्टरांनी फक्त औषधाचं मूळ नाव लिहिलं तर कुठल्या कंपनीचं द्यायचं हे ठरवणार कोण? मी. आणि माझ्या जागी १४ ला घेऊन ९५ ला विकणारा बसलेला असेल तर तो काय देईल हे वर सांगितलंच. ऑगस्ट २०२३ मधे नॅशनल मेडिकल कमिशननं, म्हणजे डॉक्टरांसाठी नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं नियम काढला की डॉक्टरांनी जेनेरिक नावच लिहायचं, नाहीतर कारवाई, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनं हाच मुद्दा मांडला आणि तीन आठवड्यांच्या आत नियम स्थगित झाला. काही डॉक्टर कंपन्यांच्या खर्चानं फिरून येतात हे जगजाहीर आहे, पण म्हणून हा मुद्दा खोटा ठरत नाही.

दर्जाचं म्हणाल तर त्याला दोन बाजू आहेत. एक म्हणजे ब्रँडचं नाव ही हमी नव्हे. रॅनबॅक्सी ही एकेकाळी देशातली सगळ्यात मोठी कंपनी, २०१३ मधे अमेरिकेत खोटे रिपोर्ट आणि निकृष्ट मालाबद्दल गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले. आणि तुमच्या स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात बघा, विकणाऱ्या कंपनीचं नाव वेगळं, बनवणाऱ्याचं वेगळं, पत्ता बघावा तर हिमाचलातलं बद्दी नाहीतर हरिद्वार नाहीतर सिक्कीम. एकच कारखाना दहा कंपन्यांना गोळ्या बनवून देतो, त्यातली एक एथिकल म्हणून जाते आणि एक जेनेरिक म्हणून.

दुसरी बाजू अशी की आपल्याकडची तपासणी सगळीकडे सारखी कडक नाही, आणि हे न सांगणारे जेनेरिकवाले पण अर्धवटच सांगतात. जेनेरिक मूळ औषधासारखंच रक्तात उतरतं का हे माणसांवर तपासायची एक चाचणी असते. ८० ते १२५ टक्के हे आकडे तुम्ही ऐकले असतील आणि लोक समजतात की गोळीत औषध वीस टक्के कमी चालतं. तसं नसतं, मोजमापातली सगळी अनिश्चितता धरून पूर्ण पट्टा त्या मर्यादेत बसावा लागतो, त्यामुळे सरासरी फार हलू शकत नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानं दोन हजारांवर चाचण्या तपासल्या तेव्हा फरक सरासरी साडेतीन टक्के निघाला. पण ते अमेरिकेत. आपल्याकडे पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांना, जिथे ही चाचणी सगळ्यात गरजेची, ती सक्तीची झाली एप्रिल २०१७ मधे. त्याआधी परवाना मिळालेला कितीतरी माल, ब्रँडेड आणि बिनब्रँडेड दोन्ही, ही चाचणी न होता बाजारात आलेला आहे. जनऔषधीला माल देणारे डब्ल्यूएचओ-जीएमपीवाले, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे उत्पादनाचे निकष पाळणारे कारखाने असावे लागतात आणि आलेली प्रत्येक बॅच मान्यताप्राप्त लॅबमधे तपासून मग दुकानात जाते. तरीही त्यांची एखादी बॅच नापास होते, मग ती परत मागवतात. केंद्र सरकारची महिन्याला नापास औषधांची यादी निघते ती चाळलीत तर त्यात माहितीची ब्रँडंही दिसतील. आणि नकली औषध म्हणजे जेनेरिक नव्हे, नकली माल बनवणारा खपणाऱ्या ब्रँडचीच नक्कल करतो, बिननावाच्या स्वस्त गोळीची नक्कल करून त्याला काय मिळणार?

ज्यांना वाटतं की हे सगळं कागदी आहे त्यांनी आपल्याच मुंबईचं १९८६ आठवावं. जे. जे. हॉस्पिटलमधे ग्लिसरॉल दिलेले १४ पेशंट गेले, त्यात विषारी रसायन निघालं, आणि न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासनं आपल्या राज्याच्या एफडीएपर्यंत सगळी साखळीच कशी सडली होती ते मांडलं. त्यामुळे "सरकारी म्हणजे चांगलं" किंवा "मोठी कंपनी म्हणजे चांगलं" असलं काही मी छातीठोक सांगणार नाही. दुकान, बिल आणि बॅच नंबर, सामान्य माणसाच्या हातात एवढंच असतं, म्हणून बिल मागा. पक्कं.

आता तुमच्या वडिलांचं. बीपी, शुगर आणि कोलेस्टेरॉल बदलायला माझी काही हरकत नाही, बिनधास्त बदला, फक्त सगळं एकदम नको. आधी पंधरा दिवस घरच्या मशीनवर रोज एकाच वेळी बीपी मोजून वहीत लिहा, चालू गोळीवरच. मग बीपीची गोळी बदला आणि आणखी पंधरा दिवस लिहा. काकांना वही दाखवा. ते जमलं की शुगरची, तिचा तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी रिपोर्ट आधीचा आणि नंतरचा ठेवा. कोलेस्टेरॉलची सगळ्यात शेवटी.

थायरॉइडच्या गोळीला हात लावू नका. ती मायक्रोग्रॅममधे मोजायची गोष्ट आहे, थोडक्या फरकानं रिपोर्ट हलतो, आणि १०० गोळ्यांची बाटली मुळातच महाग नाही, वाचून वाचणार किती. फिट्सची औषधं, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, किडनी बसवलेल्यांची औषधं, मानसिक आजारातलं लिथियम यांचंही हेच. १९६८ मधे ऑस्ट्रेलियात फिट्सच्या फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधलं औषध तेवढंच ठेवलं आणि फक्त भरण म्हणून घातलेली पूड बदलली तर पेशंटना विषबाधेची लक्षणं दिसायला लागली, कारण नव्या पुडीमुळे औषध जास्त शोषलं जायला लागलं. आणि हा नियम फक्त जेनेरिकला नाही बरं का, एका ब्रँडवरनं दुसऱ्या ब्रँडवर गेलात तरी तोच. "तो माल शॉर्ट आहे, हे घ्या, कंटेंट सेम आहे" असं म्हणून मेडिकलवाले सर्रास थायरॉइडची बाटली बदलतात आणि तेव्हा कुठलेच काका भांडायला येत नाहीत. कधी बदलावीच लागली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायची आणि मग त्याच बाटलीला चिकटून राहायचं.

डॉक्टरांकडनं एवढं मागा की चिठ्ठीवर मूळ औषधाचं नाव आणि पॉवर लिहून द्या. कायद्यानं चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर मला माझ्या मनानं दुसरं देता येत नाही, भले ते तंतोतंत तेच असो. "माझी जबाबदारी नाही" म्हणणारे डॉक्टरसुद्धा वही आणि रिपोर्ट घेऊन गेलात तर बहुतेक लिहून देतात, त्यांना नको असतं ते पेशंटनं परस्पर बदलून तीन महिन्यांनी भलत्याच तक्रारी घेऊन येणं.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही आणि धोका खरा तिथेच आहे. म्हातारी माणसं औषध नावानं ओळखत नाहीत, रंगानं ओळखतात, "सकाळची पांढरी लांबट, रात्रीची गुलाबी." माझ्या एका आजींच्या मुलानं जनऔषधीतनं टेल्मिसार्टन आणली, जुन्या ब्रँडची दीड स्ट्रिप डब्यात शिल्लक होती, आजींना वाटलं डॉक्टरांनी नवीन गोळी वाढवली आणि त्या दोन्ही खायला लागल्या. चौथ्या दिवशी बाथरूममधे चक्कर येऊन पडल्या, नशीब की हाड मोडलं नाही. औषध दोन्ही चांगलीच होती. तेव्हा जुनी स्ट्रिप पूर्ण संपवा, रिकामी झाल्यावरच नवीन डब्यात ठेवा, नवीन स्ट्रिपवर मार्करनं मोठ्या अक्षरात "बीपी सकाळ" असं लिहा, आणि पहिले आठ दिवस गोळ्या भावानं स्वतःच्या हातानं काढून द्याव्यात.